तिसरं लाल

कासवाला चष्मा असावा की नसावा यावर ऑफिसात पावणेदोन तास खल झाला आणि नसावा असं ठरलं. का, तर चष्मा फुटला तर काच लागेल अशी भीती पालकांना वाटेल. पडद्यावरचं कासव, त्याचा रंगवलेला चष्मा, आणि त्याची काच म्हणे लागेल! गोष्टताईने कपाळावर हात मारून घेतला, चष्मा खोडला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. पुढचा मुद्दा असा होता की, कासव म्हातारं असणं गरजेचं आहे का.

गोष्टताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. टायरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत मुलांसाठी व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी होती. तिथे कुणी चित्रं काढायचं, कुणी ती हलवायचं, कुणी त्यांना आवाज द्यायचं, आणि हे सगळं मुळात कशासाठी हलतंय-बोलतंय ते ठरवायचं काम हिच्याकडे होतं. म्हणून ती गोष्टताई. वय बेचाळीस, आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. 'घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचे गेम' अशी कंपनीची पाटी होती आणि ती पाटी मनापासून पटली म्हणूनच ती इथे आली होती. सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेममध्येही मजा असू शकते, त्यालाही चांगली गोष्ट असू शकते, एवढंच तिचं म्हणणं. एवढंसं म्हणणं पटवता पटवता तीन वर्षांत तिच्या नाकी नऊ आले होते.

तिची गोष्ट अशी होती. एक साळिंदर असतं. त्याच्या हातून शेजारच्या म्हाताऱ्या कासवाचा दिवा फुटतो. साळिंदर घाबरतं आणि ठोकून देतं की, दिवा वाऱ्याने फोडला. कासव भोळं. ते म्हणतं, "असं? मग वाऱ्यालाच जाऊन जाब विचारतो," आणि डोंगरावर वाऱ्याच्या घरी निघतं. जातं ते परत येतच नाही. मग साळिंदराला, म्हणजे खेळणाऱ्याला, त्याच्या मागे जावं लागतं. वाटेत घसरगुंड्या, गरगर फिरणारे दगड, नुसती धमाल. आणि वर धुक्यात कासव सापडतं ते उताणं पडलेलं, चारी पाय वर. त्याला ढकलून सुलटं करायचं. सुलटं झालं की ते धापा टाकत विचारतं, "वारा म्हणतो, दिवा त्याने फोडलाच नाही. मग कुणी फोडला रे?" आणि तिथे खेळणाऱ्यापुढे दोन वाटा येतात. खरं सांगायचं, की आणखी एक थाप मारायची.

मारामारी नाही, रक्त नाही, बंदूक तर औषधालाही नाही. पण कंपनीत चाचणीची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीने गोष्टीचा पार चोथा करून टाकला होता.

दर महिन्याला एका शनिवारी तीन मुलं आणि त्यांच्याबरोबर घरचं एकेक मोठं माणूस बोलवायचं. मुलांनी एका खोलीत सोफ्यावर बसून आळीपाळीने गेम खेळायचा. मोठ्यांनी शेजारच्या खोलीत काचेमागे बसायचं, प्रत्येकाच्या हातात एक लाल बटण. हे आपल्या मुलाला बरं नाही असं वाटलं की बटण दाबायचं. एका प्रसंगाला तिन्ही बटणं दाबली गेली की तो प्रसंग तिथल्या तिथे थांबून पुढचा सुरू व्हायचा आणि तक्त्यात नोंद पडायची, 'तीन लाल, बाद'. एकदा बाद म्हणजे कायमचा बाद. गेम बनवणाऱ्यांनी त्या दिवशी त्या मजल्याकडे फिरकायचंही नाही, नाहीतर पालकांवर दडपण येतं.

अशा रीतीने अकरा प्रसंग गेले होते. वाटेतला पूल तुटायचा तो गेला. रस्ता विसरलेलं घुबड गेलं. साळिंदर एकटंच बसून दिव्याचे तुकडे जोडायचा प्रयत्न करतं, तेही गेलं, आणि त्या दिवशी गोष्टताई जेवली नाही. गेलेल्या प्रत्येक प्रसंगाच्या जागी पाच नाचरे भोपळे आले. चित्रं काढणाऱ्याने एकदा गंमत म्हणून काढलेले भोपळे ते, उड्या मारायचे, टाळ्या पिटायचे आणि 'शाब्बास!' म्हणायचे. त्यांना आजवर एकही लाल आलं नव्हतं. येणार कुठून? भोपळ्याला आक्षेप घ्यायचा म्हटला तरी घ्यायचा कशावर?

"आता राहिला एकच प्रसंग," साहेब शुक्रवारी म्हणाले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण कुणाला वाईट वाटू नये या काळजीने बिचाऱ्याची झोप उडालेली असायची. "धुक्यातला. त्यालाही उद्या तीन लाल आले तर गोष्ट सोडून देऊ. अख्खा गेम भोपळ्यांचा."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही शाब्बासक्या लिहायच्या. वेगवेगळ्या पन्नास तरी लागतील."

गोष्टताईच्या डोक्यात तिडीक गेली. "साहेब, तुम्ही तो प्रसंग एकदा तरी बघितलाय का?"

"मी मुद्दाम बघत नाही. बघितला तर माझं काहीतरी मत होईल. आपण तक्त्याप्रमाणे जायचं. आईबापांपेक्षा मुलांचं मन कुणाला कळतं?"

यावर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती उठून गेली आणि जाताना दार जरा जास्तच जोरात लागलं.

शनिवारी तिला वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसून तक्त्याची वाट बघायची होती. त्यात सकाळीच भाऊ येऊन आपली लेक तिच्या गळ्यात घालून गेला. भाऊ-वहिनींना कपाट घ्यायला जायचं होतं आणि लेकीला कपाटाच्या दुकानात न्यायची त्यांची छाती नव्हती. भाचीचं वय आठ, घरातलं नाव ठिणगी, आणि ते नाव कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं. मागच्या वर्षी सायकलवरून पडून हनुवटीला चार टाके पडले तेव्हा ती रडली नव्हती, उलट डॉक्टरला टाके वाकडे घातले म्हणून बोलली होती.

"आत्या, तुमचे गेम बाळांचे असतात ना?" ठिणगीने फिरत्या खुर्चीत गिरक्या घेत विचारलं. "बाबा म्हणतो, घरच्यांसाठीचा गेम म्हणजे ज्यात काहीच होत नाही."

"तुझ्या बाबाला सांग, स्वतः कधी काही बनवून दाखव म्हणावं."

"पण होतं का काही?"

"होत होतं," गोष्टताई म्हणाली. "आता थोडंच उरलंय."

तेवढ्यात चाचणीचे तक्ते सांभाळणारी बाई धावत वर आली. ऑफिसात तिला सगळे तक्तेवाली म्हणत. तिसऱ्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, घरचे येत नव्हते, आणि तीन मुलांशिवाय चाचणी भरत नव्हती. तिची नजर गिरक्या घेणाऱ्या ठिणगीवर गेली.

"ही किती वर्षांची?"

"आठ. पण माझी भाची आहे. चालणार नाही तुम्हाला."

"न चालून सांगते कुणाला!" तक्तेवालीने साहेबांना फोन लावला, दोन मिनिटं हो-हो केलं आणि म्हणाली, "साहेब म्हणतात, तुम्ही लेखिका म्हणून यायचं नाही, आत्या म्हणून यायचं. आत एक अक्षर बोलायचं नाही."

काचेमागच्या खोलीत गोष्टताई पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. तीन खुर्च्या, तीन लाल बटणं, आणि समोर लांबरुंद काच. काचेपलीकडे सोफा, सोफ्यावर आपली ठिणगी, तिच्या डाव्या-उजव्या हाताला एक मुलगा आणि एक मुलगी. तिघांचे चेहरे थेट इकडे. आणि काचेच्या खालीच, इकडे पाठ करून, स्क्रीन ठेवलेला.

"स्क्रीन दिसत नाहीये," ती तक्तेवालीच्या कानात म्हणाली.

"नसतोच दिसत. गेम बाजारात यायच्या आधी बाहेर फुटू नये म्हणून. आवाजही येत नाही."

"मग हे लोक बघतात काय?"

"मुलांकडे बघतात. चेहऱ्यावर लगेच कळतं ना."

म्हणजे पूल कुणी पाहिला नव्हता. घुबड कुणी पाहिलं नव्हतं. अकरा प्रसंगांना तेहेतीस वेळा लाल बटण दाबणाऱ्यांपैकी एकाही माणसाला आपण काय दाबतोय हे ठाऊक नव्हतं! तिला तिथेच उभं राहून बोंब ठोकावीशी वाटली, पण एक अक्षर बोलायचं नव्हतं. ती खुर्चीत बसली, बटण मांडीवर ठेवलं आणि मनाशी पक्कं केलं की, आभाळ कोसळलं तरी दाबायचं नाही. तिसरं लाल आपल्याच हातात आहे, मग भितोय कशाला?

शेजारच्या खुर्चीत त्या मुलीचे आजोबा होते. चाळीस वर्षं गाडी चालवायला शिकवलेली, त्यामुळे त्यांचा उजवा पाय बसल्या जागी अधूनमधून जमिनीवर ब्रेक दाबायचा. पलीकडे मुलाची आई. ती दातांच्या दवाखान्यात नर्स होती आणि दुपारच्या पाळीला पोचायचं म्हणून सारखी घड्याळाकडे बघत होती.

खेळ सुरू झाला. कंट्रोलर मुलाच्या हातात. तिघं खिदळायला लागले. त्यांचा आवाज येत नव्हता, पण मुलगा एवढा डावीकडे कलला की गोष्टताईला कळलं, घसरगुंडी आली. मग मुलीने कंट्रोलर ओढून घेतला, तिघांच्या माना एकदम गरगर फिरल्या, म्हणजे हे दगड. ठिणगी सोफ्यावर उभी राहून काहीतरी सूचना देत होती, अर्थातच कुणी मागितलेल्या नसताना. गोष्टताईला हसू आलं. मजा येतेय की रे तुम्हाला, ती मनात म्हणाली.

मग ठिणगीची पाळी आली आणि तिघंही एकदम गप्प झाले. ठिणगी हळूच खाली बसली. धुकं आलं होतं.

"गेला चेहरा," आजोबा म्हणाले. त्यांच्या नातीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि तिने सोफ्याची उशी पोटाशी घट्ट धरली होती. आजोबांचा पाय जमिनीवर दाबला गेला आणि त्याच्याबरोबर अंगठाही. पहिलं लाल.

नर्सबाई आपल्या मुलाकडे बघत पुढे झुकल्या. "हा चेहरा मी रोज दवाखान्याच्या खुर्चीत बघते. आता पुढच्या मिनिटाला भोकाड." त्यांनीही दाबलं. दुसरं लाल.

गोष्टताई मात्र निश्चिंत होती. ठिणगी काही रडणाऱ्यांतली नव्हती. आत्ता ती कासवाला ढकलत असणार, दात-ओठ खाऊन ढकलत होती. आता ते सुलटं झालं. आता ते धापा टाकतंय. आता विचारेल.

ठिणगीचा खालचा ओठ थरथरला. तिने तो दातांत धरला, तो सुटला, पुन्हा थरथरला, आणि डोळे काठोकाठ भरून आले. हातातला कंट्रोलर तसाच राहिला. पोर समोर रडतंय, मध्ये काच आहे, हाक मारता येत नाही, डोळे पुसता येत नाहीत. करता येण्याजोगी एकच गोष्ट मांडीवर होती. गोष्टताईचा अंगठा तिला न विचारता खाली गेला.

तिसरं लाल.

पलीकडे तिन्ही चेहऱ्यांवर नारिंगी उजेड पडला. भोपळे आले होते.

आपण काय केलं ते तिला कळायला दोन-तीन सेकंद लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष द्यायचा तरी कुणाला? ठिणगी तोवर उठली होती. ती स्क्रीनपाशी आली, वाकून त्याच्या मागे बघितलं, मग काचेवर दोन्ही मुठी आपटल्या आणि दाराकडे धावली. मागोमाग ती दोघंही.

सगळ्यांची जिन्याच्या तोंडाशी गाठ पडली आणि तिथे एकच कालवा झाला.

"कुणी बंद केलं?" ठिणगी ओरडली. "आत्ता! ऐन वेळेला! ते भोपळे कशाला आले मध्येच?"

"आजोबा, तुम्ही दाबलंत?" मुलगी म्हणाली.

"अगं, मला वाटलं तुला भीती वाटतेय."

"वाटत होती! म्हणून तर बघत होते ना!"

"आई, तू पण?"

"तुला रडू येत होतं, राजा," नर्सबाई म्हणाल्या.

"येत होतं! मग?"

ठिणगी आता आत्याकडे वळली. तिच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. "आणि तिसरं कुणी दाबलं?"

गोष्टताईला वाटलं, सांगावं मशीन बिघडलं. तोंडाशी आलंही होतं. "मी," ती म्हणाली.

"तू? तुझीच गोष्ट ना ही?"

"हो."

"मग तुलाच आवडत नाही?"

तीन वर्षांत तिच्या गोष्टीला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोल लावले होते, पण एवढं मुकाट ऐकून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. तेवढ्यात साहेब हातात तक्ता घेऊन जिन्यावरून खाली आले. त्यांना खूप वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी आल्याबरोबर सांगितलंही. "पण आता मला काही बोलू नका. तिसरं लाल तुमचंच आहे."

"साहेब, त्या खोलीतून चेहरा दिसतो. तो कशाने तसा झालाय ते दिसत नाही. माझी गोष्ट मला पाठ आहे, पुढच्या वाक्याला काय होणार ते माहीत आहे, तरी मी दाबलं. मग यांचं काय घेऊन बसलात!"

"चेहरा खोटं बोलतो का?"

"नाही बोलत. मन लावून ऐकणारं पोर असंच दिसतं. तुम्ही अकरा वेळा त्यांना मन लावल्याची शिक्षा केलीत, आणि बाराव्यांदा मी केली."

"मला माझं बटण मागे घेता येईल का?" आजोबांनी विचारलं.

"तक्त्यात तसा रकाना नाही," तक्तेवाली म्हणाली, आणि तिचं म्हणणं खरंच होतं.

"ते मोठ्यांचं तुम्ही नंतर भांडा," ठिणगी म्हणाली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर फतकल मारून बसली. "आधी पुढचं सांग. गेममध्ये नाही तर तोंडाने सांग." बाकीची दोघंही तिच्याशेजारी बसली. आता साहेबांना वर जायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

गोष्टताईने सांगायला घेतलं. रागाचा आवाज अजून उतरला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला धुकंही जरा ओरडल्यासारखंच आलं. मग आवाज खाली आला. साळिंदर चाचपडत डोंगर चढतं, हाका मारतं, ओ मिळत नाही. मग पायाला काहीतरी गोल, गार लागतं. दगड वाटतो. दगडाला पाय असतात. आजोबा कठड्याला टेकले. नर्सबाईंनी घड्याळाकडे बघायचं सोडलं. कासव सुलटं झालं, त्याने श्वास घेतला आणि विचारलं, मग दिवा कुणी फोडला रे?

"मी खरं सांगणार होते," ठिणगी म्हणाली.

"मी नाही," मुलगा म्हणाला. "कासव एवढं चढून आलं, उलटं पडलं, तो सगळा वेळ आपण थापच मारत होतो. आता खरं सांगितलं तर ते आपल्याशी कधीच बोलणार नाही."

"पण मग त्याला पुन्हा कुणाच्या तरी घरी जाब विचारायला जावं लागेल," मुलगी म्हणाली. "आणि ते पुन्हा पडेल."

मुलाने हा विचार केला नव्हता. नर्सबाई आपल्या मुलाकडे नव्यानेच बघितल्यासारख्या बघत होत्या.

"बरं, मी खरं सांगितलं," ठिणगी म्हणाली. "मी म्हटलं, मीच फोडला. मग?"

"मग कासव बराच वेळ काही बोलत नाही," गोष्टताई म्हणाली. "साळिंदराच्या अंगावरचा एकेक काटा उभा राहतो. आणि मग कासव मान बाहेर काढतं आणि म्हणतं..." ती थांबली.

"काय म्हणतं?" हे साहेबांनी विचारलं. ते दोन पावलं पुढे सरकून आले होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. "हं? काय म्हणतं पुढे?"

गोष्टताईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि तक्ता छातीशी घट्ट धरलेला होता.

"ते काढलंय, साहेब," ती म्हणाली. "तीन लाल आले ना."

तिन्ही मुलांनी माना वळवून साहेबांकडे बघितलं. मुलांच्या मागून आजोबांनीही बघितलं.

"पण मला कळायला हवं ना!" साहेब कळवळून म्हणाले.

"आम्हालाही हवं होतं," ठिणगी म्हणाली.

साहेबांनी तक्तेवालीला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, काचेमागच्या खोलीला कुलूप घालायला सांगितलं, आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन सोफ्यावर मधली जागा धरली.